चार तारे, घरातल्या घरात

शनिवारी आमच्या घरी कुकर लागत नसे. बेंगळुरूच्या बनशंकरीतल्या आमच्या गल्लीत बाराच्या सुमाराला घराघरातून शिट्ट्या सुरू व्हायच्या, शेजारच्या राधम्मांच्या कुकरची तर रस्त्यापर्यंत ऐकू यायची, पण आमचं स्वयंपाकघर त्या दिवशी गप्प. कारण शनिवारी दुपारी अण्णा कॅसेटी ऐकायला बसत, आणि टेप चालू असताना घरात शिट्टी, मिक्सर, पाण्याची मोटर, नाक शिंकरणं यातलं काहीही चालत नसे. आई सकाळीच मऊ भात करून गार करत ठेवायची आणि दुपारी त्याची दहीबुत्ती व्हायची, वर मोहरी-मिरचीची फोडणी, बाजूला काकडीची कोसंबरी आणि गावाकडून आलेली शेंगांची चटणी. माझं कॉलेजचं सगळं वय शनिवारी गार जेवण्यात गेलं. आता साठी ओलांडल्यावर डॉक्टर दही कमी करा म्हणतात, पण दहीबुत्तीचा घास तोंडात गेला की गाणं सुरू होण्याआधीची टेपची ती बारीक खरखर मला अजून ऐकू येते, आणि तिच्या मागोमाग थकवाही येतो. लहानपणच्या जेवणाने बाकीच्यांना हुरूप येत असावा. मला झोप येते.

आमचं घराणं मूळचं निपाणीकडचं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावल्यावर दोन्ही. वडिलांना मी अण्णा म्हणायचे, कारण त्यांची धाकटी बहीण त्यांना अण्णा म्हणायची आणि मी बोलायला शिकले तेव्हा हाच शब्द घरात जास्त कानावर पडत होता. अण्णा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. लेथवरून उतरलेले बारीक बारीक भाग ट्रेमधून त्यांच्या टेबलावर यायचे, आणि ते हातातल्या गेजचं एक टोक भोकात घालून बघायचे, मग दुसरं. पहिलं टोक गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तेवढं जमलं तर माल पास, नाहीतर भंगारात. ट्रेवर फक्त लॉटचा नंबर असायचा. भाग कोणत्या कामगाराने केलाय हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, हा नियम अण्णांनी स्वतः साहेबांशी भांडून करून घेतला होता. नाव कळलं की हात जरा सैल पडतो, असं ते म्हणत. गाण्याचं वेड त्यांना तरुणपणापासूनचं. एका कन्नड दैनिकात रविवारी नव्या कॅसेटींवर सदर यायचं, त्यात जो तो गायक सुमधुर आणि जी ती गायिका कोकिळा. अण्णा दर आठवड्याला संपादकांना पत्र लिहून त्यातल्या चुका कळवायचे. संपादक शेवटी इतके कंटाळले की त्यांनी ते सदरच अण्णांच्या गळ्यात मारलं. प्रत्येक कॅसेटला पाचापैकी तारे द्यायचे असत. एक म्हणजे टाकाऊ, दोन म्हणजे चालेल, तीन म्हणजे विकत घ्यायला हरकत नाही. चार तारे अण्णांनी दिलेले मी फारसे पाहिले नव्हते, आणि पाचवा त्यांच्या मते छापखान्याने उगाच ठेवला होता.

कारखान्यातला तो नियम त्यांनी घरी आणला. पेपरच्या ऑफिसातून खाकी पिशवीत कॅसेटी यायच्या. पिशवी अण्णांनी उघडायची नाही. आई ती उघडायची, छापील कव्हरं काढून बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची, आणि कॅसेटवरच्या नावावर दवाखान्यात वापरतात ती पांढरी चिकटपट्टी लावून वर बॉलपेनने नंबर घालायची. अण्णा वेताच्या खुर्चीत डोळे मिटून ऐकायचे, ऐकून झालं की तारे सांगायचे, आणि मगच आई कव्हर काढून नाव वाचायची. एकदा तोंडातून गेलेला आकडा बदलायचा नाही. नावाजलेल्यांचे गळे ओळखू यायचेच, तिथे ही पद्धत लंगडी पडायची, पण नव्या माणसाला तिचा फायदा व्हायचा. एखाद्या मोठ्या बापाच्या मुलाला दोन आणि कुठल्याशा खेड्यातल्या मास्तरांना साडेतीन, असं झालं की अण्णा दिवसभर खुशीत असायचे. कव्हरावरचा फोटो बघून आई "अगंबाई, हा होय!" म्हणायची, आणि आम्ही पोट धरून हसायचो. आमच्याकडे तेव्हा टीव्ही नव्हता.

त्या घरात गाणी भरपूर होती, पण गात कोणी नव्हतं. गाणार कसं? अण्णांचा कान कधी बंदच व्हायचा नाही. राधम्मा रामनवमीला गुळाचं पानक वाटताना भजन म्हणायच्या, तर हे दारात उभे राहून टाळी मारत त्यांना लय दाखवायचे. शालूआत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिचं लग्न ठरता ठरता राहिलं, ती आमच्याकडेच असायची आणि जवळच्या शाळेत गणित शिकवायची. मुलगी असताना तिने निपाणीत गाण्याची बक्षिसं मिळवली होती म्हणे. बेंगळुरूला आल्यावर एकदा डोसे घालता घालता ती गुणगुणत होती, तर अण्णा हॉलमधून म्हणाले, "शालू, तुझा निषाद कुठं निघालाय? गावाला?" सगळे हसले, तीही हसली. त्यानंतर ती घरात गायली नाही. अण्णांच्या हे लक्षातही आलं नाही, आणि कोणी सांगितलं असतं तरी निषाद खरंच खाली होता, एवढंच ते म्हणाले असते. आत्या मग अंघोळीला फार वेळ लावू लागली. न्हाणीचं दार बंद, नळ धो धो सोडलेला, आणि तेही एक दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात. अण्णा म्हणायचे, "हिला स्वच्छतेचं वेड लागलंय." आई ऐकून घ्यायची. नळाच्या आवाजाखाली काय चालतं ते आईला ठाऊक होतं, आणि दाराला कान लावायच्या वयाची असल्यामुळे मलाही.

मी पुढे याच धंद्यात पडले, हे इथेच सांगून टाकते. कोरमंगलातल्या एका वेबसाइटसाठी मी नवे अल्बम ऐकते आणि दहापैकी गुण देते, तेही दशांशात. सहा पूर्णांक सात. सात पूर्णांक एक. हे दशांश कुठून येतात ते मला विचारू नका. गाणी लिंकवरून येतात, सोबत अमुक दिवसाआधी तोंड उघडायचं नाही अशी ताकीद, आणि संध्याकाळी गायकाच्या मॅनेजरचा फोन, "मॅडम, कसं वाटलं?" अल्बम इतके येतात की गाणं सुरू झालं की ते किती मिनिटांचं आहे हे मी आधी बघते. आमचा संपादक तन्मय पुण्याचा, माझ्या मुलाहून लहान, फार गोड पोरगा. परवा म्हणाला, "मॅम, सिक्स पॉइंट टू जरा हार्श नाही का वाटत? थोडं अप करूया? त्यांचे फॅन्स उगाच आपल्याला ट्रोल करत बसतात." मी म्हटलं, कर बाबा. अण्णा असते तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. पण भांडायचं तर त्या आकड्याने कोणाचं तरी काही होणार आहे असं आधी वाटावं लागतं, आणि तसं मला आताशा वाटत नाही. शालूआत्याच्या वेळी वाटलं होतं.

झालं असं की आत्या संध्याकाळी देवळाजवळच्या बायकांच्या भजनी मंडळात जायची. अण्णा तिकडे फिरकत नसत, समूहात चुकलेला सूर त्यांना सोसत नसे. तिथे मूर्ती नावाचे एक कॅसेट काढणारे गृहस्थ बायकोला न्यायला यायचे. बुटके, घामट, अतिशय अदबशीर. त्यांनी आत्याचा आवाज ऐकला आणि तिच्याकडून कन्नड भावगीतांची एक कॅसेट गाऊन घेतली. शाळेला सुट्टी होती, आत्या दुपारी पेपर तपासायला जाते म्हणून जायची आणि आल्या आल्या जिऱ्याचं गरम पाणी मागायची. मूर्तींनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की नवीन नाव असलं की दुकानदार माल उचलत नाहीत. रविवारच्या सदरात तीन तारे आले तर कात्रण दाखवून त्यांना उचलायला लावता येतं, मग दुसरी कॅसेट नक्की, शब्द देतो. तीनाच्या खाली आले किंवा काही छापूनच आलं नाही, तर अक्का, ही एकच समजा. सदर कोण लिहितं आणि ते आत्याचे कोण लागतात हे मूर्तींना माहीत होतं. उलट त्यांना वाटलं, मग तर काम झालंच. आडनाव सारखं नको म्हणून त्यांनी कव्हरावर दुसरं एखादं नाव घालूया असं सुचवलं होतं, ते आत्याने मानलं नाही. आपल्या नावाची एक तरी वस्तू जगात असावी असं ती आईला म्हणाली, ते मी ऐकलं.

ज्या शनिवारी ती कॅसेट पिशवीत आली त्या सकाळी आई चिकटपट्टीचे तुकडे कातरून टेबलाच्या कडेला लावत होती, मी कव्हरं काढत होते, आणि एका कव्हरावर शालूआत्या निघाली. लग्नाकार्याला नेसायची ती मोरपंखी इरकल नेसलेली, केसात अबोली, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघणारी. मी ओरडणार तेवढ्यात आईने माझ्या दंडाला चिमटा काढला. आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच थांबली.

"वन्सं, घालू का राहू दे?" आईने हळूच विचारलं. "एखादी कमी आली तर यांना कळायचं नाही. त्यांच्या जिभेला काही हाड नाही हो."

"घाला, वैनी."

"आणि एक दिला म्हणजे?"

"एक तर एक," आत्या म्हणाली. "न बघता दिला तर मला चालतंय. आजवर शालू म्हणूनच ऐकलंय की त्यानं मला. एकदा बाहेरची म्हणून ऐकू दे."

आईने नावावर पट्टी लावली, दाबून दाबून लावली, आणि ती कॅसेट सगळ्यांच्या शेवटी ठेवली.

अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा, हंगाम होता. त्या शेंगा सोलताना आवाज होत नाही, म्हणून थंडीतल्या शनिवारी आम्ही तिघी हॉलमध्ये जुना पेपर पसरून सोलत बसायचो आणि अण्णा खुर्चीत. बोटांना तो हिरवा, तेलकट वास दोन दिवस राहायचा. आधीच्या कॅसेटी लवकर आटपल्या. अण्णांना दोन-तीन गाण्यांत अंदाज यायचा, मग ते हात हलवून "साकु," पुरे, म्हणायचे. एकीला दोन मिळाले, एकीला दीड, आणि एका भक्तिगीतवाल्याला त्यांनी तारे द्यायच्या ऐवजी नुसतं हं केलं, तो आईने एक धरला. मग शेवटची लागली. आधी बासरी, मग तबला, आणि मग तो आवाज. दाराआडून मी त्याचे तुकडे ऐकले होते, पण पाण्याशिवाय पहिल्यांदाच ऐकत होते. खाली जरा जाडसर, वर गेला की एकदम मोकळा. मला रडू यायला लागलं आणि मी मान खाली घातली. आत्याची बोटं शेंगा सोलत होती, पण दाणे सालांच्या ढिगात पडत होते. अण्णा हलले नाहीत. एक गाणं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, साकु काही आलं नाही. बाजू संपून टेप खट्कन थांबला तेव्हा त्यांनी डोळे न उघडता बोटाने उलटी कर अशी खूण केली. दुसऱ्या बाजूच्या मध्यावर राधम्मांच्या कुकरची शिट्टी झाली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली, तेवढीच.

संपल्यावर ते खुर्चीत जरा सरळ झाले. मग म्हणाले, "चार."

"चार?" आई म्हणाली.

"खरं म्हणजे साडेचार. अर्धा कापला." डोळे अजून मिटलेलेच होते. आवडलं की ते असे बोलत सुटायचे, एखादा भाग हातात घेऊन मशीन कुठे हललं ते सांगावं तसे. "बाई चाळिशीकडची आहे. शिकलेली चांगली, पण मधली बरीच वर्षं मोठ्यानं गायलेली नाही. कन्नड स्वच्छ आहे, पण घरात कन्नड बोलत नसणार. आपल्याकडचीच असेल कुठली तरी, बेळगाव नाहीतर निपाणी. आणि अर्धा का कापला सांगू? श्वास चोरती. ओळ उचलायच्या आधी जरा थांबती, कुणी ऐकायलंय काय बघितल्यासारखं. घरात कुणाच्या तरी धाकात गाणं केलंय हिनं, दार लावून, दबकून. असला गळा, आणि कोण मूर्ख हिला गाऊ देईना की!"

आत्या सालांमधले दाणे वेचून परत ताटात टाकत होती, एकेक करून, मान वर न करता.

"नाव वाच की," अण्णा म्हणाले.

आईने नाव वाचलं नाही. तिने डब्यातून कव्हर काढून त्यांच्या हातात दिलं. अण्णांनी डोळे उघडले, चष्मा लावला, कव्हर जवळ धरलं, लांब धरलं. मग आत्याकडे पाहिलं.

"कुठं गात होतीस?" त्यांनी विचारलं.

उत्तर आईनेच दिलं, "न्हाणीत. नळ सोडून."

अण्णांनी न्हाणीच्या दाराकडे पाहिलं. आपण आत्ता मूर्ख कोणाला म्हणालो हे त्यांना तेव्हा कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा असा पडला की मला तो बघवला नाही. ते उठून आत्यापाशी आले. त्यांना बरंच काही बोलायचं होतं हे दिसत होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "निषाद जागेवर आहे." आणि मग मात्र आत्या रडली.

आम्हाला वाटलं, जिंकलो. मूर्तींना तीन हवे होते, इथे चार झाले होते. आईने कोणाला न विचारता शिरा केला, त्यात केळं घातलं, आणि त्या शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे कुकरही लागला. कॉफीचे पेले आले तेव्हा अण्णा खाली बघत म्हणाले, "शालू, हे मला लिहिता येणार नाही."

"का?" आत्याने विचारलं.

"आपल्या मशीनवरचा माल आपण पास करत नसतोय. लेखाखाली माझं नाव, कव्हरावर तुझं. लोक काय म्हणतील? उद्या माझ्या ताऱ्यावर कोण विश्वास ठेवील?"

"मी तुझ्या मशीनवरचा माल आहे होय?"

अण्णांनी पेला खाली ठेवला.

"नाव बघायच्या आधी चार होते, अण्णा," आत्या म्हणाली. तिचा आवाज वर्गात फळ्यापाशी असतो तसा शांत होता. "नाव बघितल्यावर ते कुठं गेले?"

"आकडा चारच आहे. तो मी बदलायलो नाही."

"मग छाप की."

"छापता येत नाही, शालू."

"सरी, बरं," आत्या म्हणाली. "म्हणजे चार तारे, पण घरातल्या घरात. मूर्तींना काय सांगू?"

"सांग, परीक्षक नात्यातला निघाला."

एवढं खरं, की त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून संपादकांना फोन करून ही एक कॅसेट दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घ्या, असं विनवलं. संपादक हसले. तुमच्याशिवाय इथे ऐकायला वेळ कोणाला आहे, म्हणाले. पुढच्या रविवारी सदर आलं, त्यात बाकीच्या कॅसेटी होत्या, आणि आत्याच्या जागी चहापत्तीची जाहिरात होती. आत्याने पान उलटून मागे बघितलं, परत पुढे बघितलं, आणि पेपर घडी करून आईला दिला. मूर्ती एकदा घरी येऊन गेले, अदबीने बसले, कॉफी प्यायले, आणि दुसऱ्या कॅसेटचा विषय कोणी काढला नाही. मला त्या दिवशी अण्णांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी दिवसचे दिवस बोलले नाही. आता राग येत नाही. पण ते बरोबर वागले असंही मला कधी वाटलं नाही, आणि याचा निकाल लावायचा मी मधे कधीतरी सोडून दिला. आत्या मात्र सदर आल्याच्या दुसऱ्याच सकाळी शाळेला जायच्या आधी हॉलमध्ये येऊन बसली. न्हाणीतला नळ बंद होता, रस्त्याकडचं दार सताड उघडं होतं. तिने सा लावला. अण्णा समोरच पेपर वाचत होते. मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले ते डासांसाठी थंडीतही चालू असलेल्या पंख्याचं बटण बंद करायला, कारण पंख्याचं एक पातं खटखट करायचं. मग परत जागेवर येऊन बसले आणि तिचं होईपर्यंत तसेच बसून राहिले. पुढे ते असेपर्यंत रोज सकाळी हेच, उन्हाळ्यात घामाघूम होऊनसुद्धा. त्यांनी तिला पुन्हा कधी सूर दाखवला नाही, आणि सदरात पुन्हा कधी कोणाला चार तारे दिले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, तसलं काही आलंच नाही.

अण्णा गेले, आई गेली. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे आणि माझ्याकडेच असते, त्याच घरात, अण्णांच्या त्याच वेताच्या खुर्चीत. राधम्मांच्या घराच्या जागी चार मजले उभे आहेत. यंदा मूर्तींच्या नातवाने आजोबांच्या जुन्या कॅसेटी एका अॅपवर चढवल्या. आमच्या वेबसाइटवर जुन्या अल्बमांसाठी एक कोपरा असतो, त्यासाठी आलेल्या नावांत मला आत्याचं नाव दिसलं. मी तन्मयला सगळं सांगितलं आणि म्हटलं, यावर मी लिहिते. बऱ्याच वर्षांनी मला काहीतरी लिहावंसं वाटत होतं.

"ऑसम स्टोरी आहे, मॅम," तो म्हणाला. त्याला खरंच आवडली होती. "पण तुम्ही कशा लिहिणार? सख्खी आत्या आहे. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होतो ना. रीडर्स लगेच पकडतात."

मला हसू आलं, म्हटलं, तुझंच खरं. त्याने तो अल्बम नित्याला दिला. नित्या दावणगेरेची, नुकतीच कामाला लागलेली, कानांवर कढईएवढे हेडफोन घालून बसणारी मुलगी. मी तिला काही सांगितलं नाही, तन्मयलाही सांगू दिलं नाही. शुक्रवारी तिचं परीक्षण आलं. गुण सहा पूर्णांक आठ. वाद्यं जुनाट वाजतात, दोन गाणी उगाच लांबली आहेत, पण आवाज ऐकत राहावासा आहे. आणि शेवटी, ही गायिका प्रत्येक ओळीआधी जरा थांबते, कोणाची परवानगी घ्यायची असल्यासारखी. ते वाचून मी फोन बाजूला ठेवला.

संध्याकाळी आत्याला मी ते मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती, अगदी अण्णांसारखी. परवानगीच्या वाक्याला तिने फक्त मान हलवली.

"छापलं हे?"

"छापलं. सगळ्यांना दिसतंय."

"लिहिणारी कोण?"

"एक मुलगी आहे. तू कोण ते तिला माहीत नाही."

"किती दिले?"

"सहा पूर्णांक आठ. दहापैकी."

"म्हणजे पाचात तीन पूर्णांक चार," मी हिशेब करायच्या आत ती म्हणाली. आणि डोळे उघडले. "तीनाच्या वर गेले की ग."

"गेले."

"मग मूर्तींना कळव. शब्द दिलाय त्यांनी. आता दुसरी काढावीच लागेल."

मूर्ती जाऊन कैक वर्षं झाली, हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. त्यांच्या घरी भेटायला आम्ही दोघीच गेलो होतो. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आत्या खुर्चीत सरळ होऊन बसली होती, पदर नीट केला होता आणि घसा साफ करत होती.

"पंखा बंद कर," ती म्हणाली.